पैगंबरवासी कोण?

निधनवार्तांचे पान वाचताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. मराठीत माणूस नुसता मरत नाही, तो लगेच कुठेतरी राहायला जातो. बहुतेकांच्या नावाआधी 'कै.' लागते, म्हणजे मुक्काम कैलास. वारकरी असेल तर 'वै.', मुक्काम वैकुंठ. ख्रिश्चन मंडळी 'ख्रिस्तवासी' होतात आणि मुसलमान गृहस्थ गेले की छापून येते, 'पैगंबरवासी झाले'. कन्नड पेपरांत लिंगायत माणूस 'लिंगैक्य' होतो. पण तिथे आणखी एक साधा शब्द आहे, 'दैवाधीन'. दैवाधीनरादरु, देवाच्या स्वाधीन झाले. पुढचे देव बघेल.

'पैगंबरवासी' हा शब्द सरळसरळ 'कैलासवासी'च्या साच्यातून काढलेला आहे. हेतू आदराचाच आहे, त्याबद्दल शंका नाही. पण इस्लामच्या जाणकाराला तो शब्द बोचतो. अमुक माणूस मेल्यावर पैगंबरांच्या सहवासात पोहोचला, असे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार त्या धर्मात नातेवाइकांना नाही आणि इमामालाही नाही.

याबाबत बुखारींच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. मक्केहून मदिनेला आलेल्या निर्वासितांना तिथल्या घरांनी चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले होते. उम्मुल अला नावाच्या बाईंच्या घरी उस्मान बिन मजऊन आले. हे अगदी सुरुवातीला इस्लाम स्वीकारलेले, पैगंबरांचे जवळचे, व्रतस्थ वृत्तीचे गृहस्थ. ते आजारी पडले. घरच्यांनी शेवटपर्यंत शुश्रूषा केली, पण ते गेले. पैगंबर घरी आले तेव्हा उम्मुल अला मृताला उद्देशून म्हणाल्या की अल्लाहने तुमचा सन्मान केला आहे, याची मी साक्ष देते. आपल्याकडे अशा वेळी सगळे हेच म्हणतात. पैगंबरांनी मात्र विचारले, तुला हे कसे कळले? त्याच्यासाठी मीही चांगल्याचीच आशा करतो. पण मी अल्लाहचा प्रेषित असूनही माझे स्वतःचे काय होणार, हे मला माहीत नाही.

शेवटच्या वाक्याने पुढच्या भाष्यकारांना बरेच काम दिले. प्रेषितालाच माहीत नाही, हे कसे? काहींनी सांगितले की हे बोलणे आधीचे, त्यांना क्षमेचे आश्वासन मिळाले ते नंतर. मला मात्र त्या स्पष्टीकरणांपेक्षा हे महत्त्वाचे वाटते की वाक्य कोणी गाळले नाही. अडचणीचे असूनही ते जपले गेले. दहाव्या शतकात इजिप्तमधल्या इमाम तहावींनी श्रद्धेची जी छोटी पुस्तिका लिहिली आणि जी आजही मदरशांतून शिकवली जाते, तिच्यात हाच नियम झाला: सज्जनांसाठी आशा धरावी पण स्वर्गाची साक्ष देऊ नये, पाप्यासाठी भीती बाळगावी पण त्याला निराश करू नये. ज्यांना स्वर्गाची वार्ता खुद्द पैगंबरांनी नाव घेऊन दिली, असे दहा सोबती प्रसिद्ध आहेत. असे मोजके अपवाद सोडले तर बाकी यादी बंद.

नरकाच्या बाबतीतही तसेच. एक माणूस दुसऱ्याबद्दल शपथेवर म्हणाला की याला अल्लाह कधीच माफ करणार नाही. अल्लाहने त्या दुसऱ्याला माफ केले आणि शपथ घेणाऱ्याचीच पुण्याई रद्द केली, अशी हदीस आहे. राजकीय सभांतून लोकांना नरकात पाठवणाऱ्या सर्वधर्मीय वक्त्यांनी ती वाचावी.

इथे माझ्या वर्गातला एक विद्यार्थी हमखास हात वर करतो. सर, मग कुराणात स्वर्गाचे इतके बारीक वर्णन कशाला? बागा आहेत, पाण्याच्या, दुधाच्या, मधाच्या, मद्याच्या नद्या आहेत, उशा-गालिचे आहेत. नकाशाच दिलाय की!

प्रश्न रास्त आहे आणि तो जुनाही आहे. त्याच कुराणात हेही आहे की सत्कर्म करणाऱ्यांसाठी डोळे निवतील असे काय झाकून ठेवले आहे, ते कोणत्याही जिवाला ठाऊक नाही. हदीस त्यापुढे जाते: जे कोणी पाहिले नाही, ऐकले नाही आणि माणसाच्या मनात कधी आलेही नाही. मग जे मनातही येऊ शकत नाही, त्याचे वर्णन करायचे कसे? पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्या नावावर एक उत्तर सांगितले जाते. इथल्या वस्तूंपैकी तिथे फक्त नावे आहेत. ते मद्यच पाहा ना. त्याने झिंग येत नाही, डोके दुखत नाही, असे कुराणच सांगते. म्हणजे मद्याचे मद्यपण काढून घेतले आणि शब्द तेवढा ठेवला.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांत हे समजायला सोपे जावे. मराठीत 'अन्न' म्हणजे सगळे जेवण, कन्नडमध्ये 'अन्न' म्हणजे भात. नवी सूनबाई मराठी घरातली असेल तर पहिल्या आठवड्यात या शब्दावरून एकदा तरी गोंधळ होतो. माझेच घ्या. कन्नडमध्ये मी 'उपन्यासक', म्हणजे व्याख्याता. इंदूरच्या पाहुण्यांना वाटले, मी कादंबऱ्या लिहितो! दोन शेजारच्या भाषांत ही गत, तर दोन लोकांच्या मध्ये शब्द किती पुरणार?

आता थोडे व्याकरण, कारण मला त्यात रस आहे. कुराणाच्या तिसऱ्या अध्यायातले सातवे वचन सांगते की या ग्रंथात काही वचने स्पष्ट अर्थाची आहेत आणि काही संदिग्ध. संदिग्ध वचनांचा खरा अर्थ कोण जाणतो? 'अल्लाहशिवाय कोणी नाही' असे म्हणून तिथे थांबायचे, की न थांबता पुढचे 'आणि ज्ञानात मुरलेले लोक' हे शब्द त्यालाच जोडून वाचायचे? थांबलात तर विद्वानही बाहेर. जोडलेत तर विद्वान आत. मूळ लेखनात विरामचिन्हे नव्हती, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा यावर मतभेद झाला. इब्न अब्बासांचे शिष्य मुजाहिद जोडून वाचणाऱ्यांपैकी. पण आपल्याकडे छापलेले कुराण उघडून पाहिलेत, तर त्या जागी 'मीम' हे छोटे अक्षर दिसते. ती सक्तीच्या विरामाची खूण आहे. वाचणाऱ्याने तिथे थांबायचे. माणसाच्या बुद्धीची वेस कुठे संपते, हे एका अक्षराने दाखवलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

तत्त्वज्ञ अर्थातच थांबले नाहीत. इब्न सिना (९८० ते १०३७) यांचे म्हणणे असे की आत्मा उरतो हे तर्काने सिद्ध करता येईल, पण शरीर पुन्हा उठेल हे केवळ धर्मवचनावरूनच मान्य करावे लागेल. पुढे गझालींनी १०९५च्या सुमारास तत्त्वज्ञांचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला. त्यात शरीराचे पुनरुत्थान नाकारणे हा धर्मबाह्य ठरवलेल्या तीन मतांपैकी एक मुद्दा होता. इतके कडक गझाली मर्यादेबद्दल मात्र हळवे आहेत. लहान मुलाला वैवाहिक सुख समजावायचे तर काय सांगाल, असे ते विचारतात. साखरेसारखे गोड असते, एवढेच. मूल साखरच समजणार. रूमींच्या मसनवीत गर्भाचा दाखला आहे. पोटातल्या बाळाला कोणी सांगितले की बाहेर डोंगर आहेत, बागा आहेत, चंद्र-सूर्य आहेत, तर ते काळोखात रक्तावर वाढणारे बाळ म्हणेल, थापा मारू नका. बाळाची चूक नाही. त्याने तेवढेच पाहिले आहे.

विसाव्या शतकात कवी इक्बाल यांनी मद्रास आणि हैदराबादलाही दिलेल्या व्याख्यानांतून (ती १९३० साली पुस्तकरूपाने आली) स्वर्ग-नरक या जागा नसून अवस्था आहेत, असे मांडले. पुष्कळ उलेमांना ते पटले नाही, आजही पटत नाही. तो वाद इथे नको.

हे सगळे मी पुस्तकांतून वाचले होते. पण ते कसे जगतात, हे आमच्या शेजारच्या चाचांकडे कळले. चाची गेल्या तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. चाचींचा हात सैल. गल्लीतल्या कितीतरी पोरांच्या फिया त्यांनी गुपचूप भरलेल्या. माझी पत्नी गहिवरून म्हणाली, "चाचा, त्या नक्की स्वर्गातच गेल्या असणार." चाचांनी मान हलवली, होय नाही आणि नाही नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, दुआ करने का, दावा नै करने का." पन्नास वर्षांचा संसार केलेला माणूस. त्याला तसा दावा करावासा वाटला नसेल का? त्या दिवशी त्यांना तो दिलासा हवाच होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होते. तरी त्यांनी तो घेतला नाही.

'मरहूम' या शब्दाबद्दल मी नंतर त्यांना विचारले. शब्दशः अर्थ 'ज्याच्यावर दया झाली आहे असा'. म्हणजे हाही दावाच की. चाचा म्हणाले, मनात दुआ ठेवून म्हणायचे. काही काटेकोर आलिम त्याहून पुढे जातात. मरहूम म्हणू नका, 'अल्लाह त्यांच्यावर दया करो' असेच म्हणा, असा त्यांचा आग्रह असतो. शेवटी कोणताही निर्णय सांगून झाला की मुफ्ती खाली लिहितात, 'वल्लाहु आलम', अधिक अल्लाह जाणे. आपल्या हुबळी-धारवाडकडच्या आज्जी याच जागी म्हणतात, "देवरे बल्ल."

उम्मुल अलांची गोष्ट वर अर्धीच राहिली. पैगंबरांचे बोलणे ऐकून त्या म्हणाल्या, यापुढे मी कोणाचीच अशी ग्वाही देणार नाही. पण त्यांना वाईट वाटले. घरात ठेवून घेतलेला, हातांनी औषधपाणी केलेला माणूस होता तो. त्या दुःखातच झोपल्या आणि स्वप्नात त्यांना उस्मानांसाठी वाहणारा एक झरा दिसला. त्यांनी जाऊन पैगंबरांना सांगितले. ते म्हणाले, ते त्याचे कर्म. ती हदीस तिथेच संपते.