अकोले कुणाच्या खिशात नव्हते

‘अकोले म्हणजे राजूर आणि राजूर म्हणजे पिचड’ हे समीकरण नगर जिल्ह्याच्या राजकारणात इतके घोटले गेले आहे, की त्यावर उभा केलेला निष्कर्ष कुणी तपासतच नाही. राखीव मतदारसंघातला आदिवासी मतदार स्वतः विचार करत नाही, नेता नेईल तिकडे जातो, असा तो निष्कर्ष. तो खोटा आहे, आणि मतदाराचा अपमान करणारा आहे.

वरवर पाहता पुरावा भक्कम वाटतो. मधुकरराव पिचड १९८० ते २००९ अशा सलग सात निवडणुका जिंकले. २०१४ मध्ये त्यांचे चिरंजीव वैभव आमदार झाले. पण याच घराण्याने दोनदा पक्ष बदलला, तेव्हा काय घडले? १९९९ मध्ये पिचड काँग्रेस सोडून शरद पवारांबरोबर राष्ट्रवादीत गेले. मतदार सोबत राहिला. २०१९ मध्ये पितापुत्र भाजपमध्ये गेले, आणि त्याच मतदाराने वैभव यांच्याविरुद्ध त्यांच्याच राजूर गावच्या डॉ. किरण लहामटेंना सत्तावन्न हजारांहून अधिक मताधिक्य दिले. भाजप त्या वर्षी १०५ जागांसह राज्यातला सर्वांत मोठा पक्ष होता. तेव्हा वाऱ्याची सबबही चालत नाही. नेत्यामागे आंधळेपणाने जाणारा मतदार दुसऱ्या वेळी थांबला कसा?

विरोधक एकवटले म्हणून हे घडले, असे सांगितले जाते. एकास एक लढतीने मतांची फाटाफूट टळली, हे खरेच. पण वैभव यांची मते लहामटेंच्या निम्म्यावर आली, ती एवढ्याने येत नाहीत. घरची मते गेल्याशिवाय इतकी मोठी दरी पडत नाही.

‘जातीवर मतदान होते’ हा आक्षेप तर इथे टिकतच नाही. जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. सगळेच उमेदवार त्याच प्रवर्गातले. निवड करायची ती माणसाची, कामाची आणि पक्षाची. भंडारदरा धरणाचे पाणी डोळ्यांदेखत खालच्या उसाकडे जाताना पाहणाऱ्या या तालुक्याला ती निवड करता येत नाही, असे कुणी म्हणावे?

२०२४ मध्ये अजित पवारांच्या पक्षाकडून लढलेले लहामटे पुन्हा निवडून आले, पण प्रतिस्पर्धी अमित भांगरे यांच्यापेक्षा जेमतेम साडेपाच हजार मतांनी. अपक्ष वैभव तिसरे राहिले. भांगरे आणि पिचड यांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा जास्त भरते. पिचडांकडून काढून घेतलेला मतदारसंघ अकोल्याने लहामटेंच्याही नावावर करून दिलेला नाही.