दिवा मंद कां जळतो?

घरांतील एखादें यंत्र नीट चालेनासें झालें म्हणजे आपण बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करतों. एक तर यंत्राला दोष देतों, किंवा त्याचा जो भाग डोळ्यांपुढें असेल तो बदलून मोकळे होतों. दोष नेमका कोठें आहे हें शोधण्याचें तिसरें काम मात्र आपणांस कष्टाचें वाटतें. तें टाळल्यानें पैसा तर जातोच, पण प्रसंगीं जिवावरही बेततें, असें माझें मत आहे. हें मत एका जुन्या मोटारसायकलनें मला शिकविलें. तो अनुभव विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें मीं येथें योजिलें आहे.

पावसाळ्याचे दिवस होते. रात्रीं नऊच्या सुमारास आईला दम्याचा जोराचा झटका आला आणि घरांतील औषध संपलेलें. पांच किलोमीटरांवरील गांवाहून तें आणणें भाग होतें. मीं गाडी बाहेर काढली व ती चालू करण्याचें बटन दाबलें. दोनदां नुसतें ‘टक्’ झालें. मग तेंही होईना. शेवटीं शेजाऱ्यांनीं गाडी ढकलली तेव्हां ती सुरू झाली. रस्त्यावर पुढील दिव्याचा उजेड इतका पिवळट व मंद होता कीं, समोरची बैलगाडी चार हातांवर येईपर्यंत मला दिसली नाहीं. ब्रेक वेळेवर लागले व औषधही वेळेवर पोंचलें, हें आमचें भाग्य. माझी हुशारी खास नव्हे.

दुसऱ्या दिवशीं मीं नवी बॅटरी आणली. आठ दिवस बरे गेले आणि मग पहिले पाढे पंचावन्न! एका स्नेह्यानें सुचविलें कीं, 60 वॅटचा दिवा काढून 100 वॅटचा बसवावा. तेंही केलें. उजेड म्हणण्यासारखा वाढला नाहींच, उलट मुठीवरील स्विच तापूं लागला व त्यास जळका वास येऊं लागला. एवढें झाल्यावर मला शहाणपण सुचलें. जुना दिवा पुन्हां बसविला, एक व्होल्टमापक उसना आणला आणि दिवा जळत असतां मोजणी केली. बॅटरीच्या टोकांपाशीं 12 व्होल्ट होते. दिव्यापाशीं भरले केवळ 10.8. बॅटरी निर्दोष, दिवाही निर्दोष. 1.2 व्होल्ट वाटेंतच नाहींसे होत होते!

ही गळती कशी होते हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सांगावयास नको. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें 1827 सालीं प्रसिद्ध केलेला नियम त्यांनीं पाठ केलेलाच असतो. 60 वॅटच्या दिव्यास 12 व्होल्टांवर सुमारें 5 अँपिअर प्रवाह लागतो. माझ्या गाडींत हा सारा प्रवाह बॅटरीपासून किल्लीच्या स्विचपर्यंत, तेथून मुठीवरील स्विचपर्यंत आणि तेथून दिव्यापर्यंत, बारीक तारांतून व गंजलेल्या सांध्यांतून वळसे घेत जाई. या वाटेचा विरोध पाव ओहमहूनही थोडा कमीच होता. पण 5 अँपिअर त्यांतून जातांना 1.2 व्होल्ट खर्ची पडत. व्होल्टेज दशांशानें घटलें म्हणजे उजेडही दशांशानेंच घटत असेल असें वाटतें. पण तारेच्या दिव्याचें तसें नाहीं. त्याचा उजेड जवळजवळ तीन-दशांशांनीं कमी होतो. मोठा दिवा बसविल्यास प्रवाह वाढतो, वाटेंतील गळती वाढते आणि स्विचांत व तारांत निर्माण होणारी उष्णता 6 वॅटांवरून 16 वॅटांच्या घरांत जाते. जळका वास येत होता तो याचाच. शिवाय असा प्रखर दिवा समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवितो, तो अपराध वेगळाच.

यावर उपाय आहे, आणि तो जवळजवळ दोन शतकांचा जुना आहे. अमेरिकेंतील जोसेफ हेन्री हे ऑल्बनी येथील शाळेंत शिक्षक असतां 1831 च्या सुमारास त्यांनीं एक मैलाहून अधिक लांब तारेच्या टोकाशीं विद्युच्चुंबकाच्या साह्यानें घंटा वाजवून दाखविली. पुढें प्रिन्स्टन येथें त्यांनीं दुरून आलेल्या क्षीण प्रवाहाकडून दुसरा बलवान् प्रवाह चालू व बंद करविला. हाच रिले. मोर्सच्या तारायंत्रानें 1844 सालीं वॉशिंग्टन व बाल्टिमोर हीं शहरें जोडलीं, त्या विद्येस रिलेचा मोठा आधार झाला. हें नांवही अर्थपूर्ण आहे. पूर्वीं डाक नेणारा थकलेला घोडा टप्प्यावर सोडून ताजा घोडा घेत, त्या व्यवस्थेवरूनच तें आलें आहे. निरोप तोच, पण बळ नवें!

मोटारसायकलवर बसवावयाचा रिले म्हणजे काड्यापेटीहून लहान अशी एक डबी असते. तिच्या खालच्या चार दांत्यांवर 85, 86, 30 व 87 हे आंकडे असतात. 85 व 86 यांच्यामध्यें बारीक तारेचें वेटोळें असतें. स्विचकडून येणारी जुनी तार आतां दिव्याकडे न जातां या वेटोळ्यास मिळते, व वेटोळ्याचें दुसरें टोंक गाडीच्या लोखंडी सांगाड्यास जोडतात. वेटोळ्यास केवळ 0.15 अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो. तो मिळतांच आंतील लोखंड चुंबक बनतें, पट्टी ओढली जाते आणि 30 व 87 हे दांते जोडले जातात. 30 कडे बॅटरीची जाड तार फ्यूजमधून आणलेली असते आणि 87 पासून तशीच जाड तार थेट दिव्याकडे जाते. हा फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ असावा. जवळच्या व दूरच्या उजेडासाठीं दोन निराळे रिले लागतात. जुन्या वाटेवर आतां ओझें नाहीं. तिच्यावरून फक्त हुकूम जातो.

गाडी सुरू करणाऱ्या मोटरीचेंही असेंच आहे. तिला पन्नासपासून शंभरापर्यंत, प्रसंगीं त्याहूनही अधिक अँपिअर लागतात. म्हणून कारखान्यांतूनच तिच्यासाठीं एक मोठा रिले बसविलेला असतो. पण तो मोठा रिले ओढावयासही तीन-चार अँपिअर लागतात, व तेवढे जुन्या बटनाच्या काळवंडलेल्या टोकांतून पुरे पोंचत नाहींत. मधें एक लहान रिले घातला कीं बटनावरील भार नाममात्र उरतो व मोठ्या रिलेस बॅटरीचें पूर्ण बळ मिळतें. माझ्या गाडीस हे तीन लहान रिले लागले. त्यांचा खर्च नव्या बॅटरीहून पुष्कळच कमी आला, व उजेडांत पडलेला फरक घरांतील लहान मुलांच्याही ध्यानांत आला.

कोणी म्हणेल, “मग प्रत्येक गाडीस रिले बसवावा काय?” मुळींच नाहीं. रिले वीज निर्माण करीत नाहीं. तो ती केवळ जवळच्या वाटेनें नेतो. अमेरिकेंतील इंडियन या कारखान्यानें 1914 सालीं विजेवर सुरू होणारी ‘हेंडी स्पेशल’ मोटारसायकल काढली होती. पण तेव्हांच्या बॅटऱ्यांस तें काम झेपलें नाहीं व तो प्रयत्न लवकरच सोडावा लागला. बटन दाबतांच ‘टक् टक् टक्’ असा आवाज सारखा येत राहिला, तर बहुधा बॅटरीच दुबळी असते किंवा तिचे सांधे सैल असतात; तेथें रिले काय करणार? कांहीं लहान व जुन्या गाड्यांत पुढील दिवा बॅटरीवर न चालतां थेट जनित्रावर चालतो. तेथें ही जोडणी लागू पडत नाहीं. नव्या गाड्यांच्या अल्प प्रवाहाच्या दिव्यांस तिची गरज नाहीं. शिवाय प्रत्येक नवा सांधा ही बिघाडाची एक नवी जागा असते. म्हणून आधीं मोजावें, मग सांधे घासून स्वच्छ करावे, आणि तरीही गळती राहिली तरच रिलेकडे वळावें.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो: “मुलांनीं अशा उद्योगांत वेळ कां घालवावा? कारागीर आहेत कीं!” कारागीर आहेत हें खरें, आणि तारा जोडण्याचें काम जाणत्या हातांनींच व्हावें; चुकीची जोडणी आग लावूं शकते. ज्यांस गाडी चालविण्याचा परवाना मिळण्याचें वय झालेलें नाहीं, त्यांनीं तर गाडीस मोठ्या माणसांवांचून हातही लावूं नये. पण दोष कोठें आहे असें विचारण्यास वयाची अट नाहीं. ओहमचा नियम परीक्षेंत पांच गुण मिळविण्यापुरताच शिकलेला मुलगा आणि त्याच नियमानें वडिलांच्या गाडीचा मंद दिवा ओळखणारा मुलगा, यांतील विद्वान् कोण? माझ्याच हातून हा नियम कित्येकदां फळ्यावर लिहिला गेला होता. तरी त्या रात्रीं मला तो आठवला नाहीं, याची मला अजून लाज वाटते.

पालकहो, आपल्या गाडीचा दिवा मंद वाटत असेल तर नवा दिवा आणण्यापूर्वीं एकदां व्होल्टमापक लावून पाहा, आणि त्या वेळीं आपल्या मुलास अथवा मुलीस जवळ उभें करा. विद्यार्थिमित्रहो, त्या कांट्याकडे नीट पाहा. पुस्तकांतील एक ओळ तेथें तुम्हांस डोळ्यांनीं दिसेल. आणि कोणास ठाऊक, अंधाऱ्या रस्त्यावर दिवा न लावतां चाललेला एखादा गाडीवान त्या एका ओळीमुळें सुखरूप घरीं पोंचेल.