पाच हजारांऐवजी पन्नास हजार गेले तर? कायदा पाठीशी आहे, पण धावपळ आपलीच

ट्रॅक्टरचं भाडं असो, खताच्या दुकानाची उधारी असो की मजुरांचा आठवड्याचा हिशेब, गावागावांत आता पैसे मोबाईलवरूनच फिरतात. सोय झाली, हे खरं. पण घाईत एक शून्य जास्त पडलं की पाच हजारांचे पन्नास हजार होतात आणि क्षणात समोरच्याच्या खात्यात जाऊन बसतात. मग सुरू होतात बँकेचे हेलपाटे. हे पैसे परत मागण्याचा हक्क आहे का? तर आहे. मात्र ते कोण देणार आणि कशाच्या जोरावर मागायचे, इथं अनेकांची गल्लत होते.

बँक स्वतःहून पैसे का काढून देत नाही?

बहुतेकांचा समज असा की बँकेत अर्ज दिला, म्हणजे साहेब समोरच्याच्या खात्यातून पैसे उचलून आपल्याला देतील. तसं होत नाही. पैसे एकदा दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले की त्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक सहसा हात लावत नाही. आपली बँक समोरच्या बँकेला कळवते, ती बँक खातेदाराला विचारते. तो 'हो' म्हणाला तर काम झालं, 'नाही' म्हणाला तर बँकेचा रस्ता तिथंच संपतो.

खाते क्रमांक बरोबर टाकण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याचीच, असं रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. एनईएफटीत टाकलेला क्रमांक अस्तित्वातच नसेल तर पैसे आपोआप परत येतात. पण तो क्रमांक कुणाचा तरी असेल, तर पैसे त्या माणसाकडे जातात.

खुद्द बँकेलाही हे सोपं गेलेलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयएमपीएस व्यवहारांतल्या गोंधळामुळे युको बँकेच्या ४१ हजारांहून जास्त खात्यांत सुमारे ८२० कोटी रुपये चुकून जमा झाले. बँकेने खाती रोखून त्यातले ६४९ कोटी लगेच मिळवले. बाकीच्यांनी पैसे काढून घेतले होते. प्रकरण सीबीआयकडे गेलं आणि मार्च २०२४ मध्ये राजस्थान आणि महाराष्ट्रात झडत्या झाल्या. बँकेच्या हातात खाती रोखण्याचा अधिकार होता. साध्या शेतकऱ्याकडे तो नाही, म्हणून त्याच्यासाठी वेळ फार महत्त्वाची.

अनोळखी खातं आणि ओळखीचा माणूस, दोन्ही वेगळं

चुकीच्या खात्यात पैसे गेले तर चूक उघड दिसते. पण ओळखीच्या माणसालाच जास्त गेले तर बँकेच्या दृष्टीने व्यवहार बरोबर असतो. खातं बरोबर, नाव बरोबर, रक्कम तुम्हीच टाकलेली. दुकानदार म्हणतो, 'मागच्या बाकीत वळते केले.' मुकादम म्हणतो, 'पुढच्या उचलीत धरू.' इथं प्रश्न बँकेचा राहत नाही, हिशेबाचा होतो. देणं किती होतं, हे दाखवणारा कागद ज्याच्याकडे, त्याची बाजू जड.

म्हणून पट्टी, बिल, वहीतली नोंद जपून ठेवावी. नुसता फोन करून थांबू नये. 'तुमचं देणं ५,००० होतं, चुकून ५०,००० आले, ४५,००० परत करा' असा साधा मेसेज त्याच दिवशी पाठवावा. समोरून 'हो, बघतो, देतो' एवढं उत्तर आलं तरी पुढे ते उपयोगी पडतं.

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७२ सांगतं की चुकून मिळालेले पैसे घेणाऱ्याने परत केलेच पाहिजेत. पैसे आपले नाहीत हे माहीत असून अप्रामाणिकपणे वापरले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तो गुन्हा ठरू शकतो. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण थोड्या रकमेसाठी कोर्टाची पायरी चढणं परवडत नाही. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोड करता येते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं वकीलही मोफत मिळतो.

काय करावं?

– व्यवहाराचा स्क्रीनशॉट काढावा आणि क्रमांक लिहून घ्यावा. यूपीआयचा हा क्रमांक १२ अंकी असतो.
– त्याच दिवशी ॲपवर तक्रार नोंदवावी आणि आपल्या शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.
– बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या योजनेत आल्या आहेत. मात्र लोकपाल बँकेची हयगय बघतो, पैसे घेणाऱ्याकडून वसुली करत नाही.
– फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करावा.

आपल्या खात्यात कुणाचे आले तर?

'चुकून पैसे आले, या नंबरवर परत टाका' असा फोन आला तर घाई करू नये. आधी खात्यातली शिल्लक तपासावी. अनेकदा मेसेजच खोटा असतो. पैसे खरंच आलेले असले तरी दुसऱ्या नंबरवर न पाठवता बँकेला कळवून आले त्याच खात्यात परत करायला सांगावं. ते पैसे फसवणुकीचे निघाले तर तुमचंच खातं गोठू शकतं.

नाव दिसतं, रक्कम आपणच वाचायची

यूपीआयमध्ये आता बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. एनईएफटी आणि आरटीजीएससाठीही नाव तपासण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. त्यामुळे चुकीच्या माणसाला पैसे जाणं कमी होईल. पण जास्तीचं शून्य कोणतीही यंत्रणा पकडत नाही. तिला पाच हजार द्यायचे होते की पन्नास, हे कळणार कसं? पिन टाकण्याआधी रक्कम एकदा मोठ्याने वाचावी. मोठी रक्कम असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसालाही दाखवावी. हेलपाट्यांपेक्षा हे स्वस्त पडतं.