जाळीला नावे ठेवणारे

सरकारने गरिबाला आधार दिला की तो आळशी होतो, हे वाक्य आमच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडी इतके रुळले आहे की त्याला पुरावा मागण्याचीही कुणाला गरज वाटत नाही. आम्ही तो मागतो. अशा आधाराला अर्थशास्त्री 'सुरक्षा जाळी' म्हणतात. (मासळीला जे जाळे धरते आणि माणसाला जी जाळी झेलते, त्यांत मराठीने भेद राखला आहे, हे बरेच झाले.) तेव्हा दोरांची खरीखुरी जाळी काय सांगते, ते आधी पाहू.

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. दहा लाख डॉलर खर्चामागे एक बळी, असा हिशेब तेव्हाचे बांधकामवाले बिनदिक्कत धरीत. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी तो मानला नाही. सुमारे १,३०,००० डॉलर खर्चून त्यांनी पुलाखाली जाळी ताणली. तिने १९ जणांचे प्राण वाचविले. मग कामगार आळसावले काय? उलट, मरणाचे भय सरल्यामुळे ते अधिक झपाट्याने काम करू लागले, असे त्या पुलाच्या इतिहासात नमूद आहे. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी मात्र काही टन वजनाची परांची निखळून कोसळली, जाळी फाटली आणि १० जण मृत्युमुखी पडले. आक्षेप घ्यायचाच तर तो जाळीच्या बळकटीविषयी घ्यावा. तिच्या असण्याविषयी नव्हे.

आमच्या महाराष्ट्रानेही १९७२ च्या दुष्काळात अशी एक जाळी विणली: रोजगार हमी. १९७७ साली तिचा कायदा झाला. तीत फुकट काहीच नव्हते. भर उन्हात खडी फोडावी, पाझर तलावाची माती वाहावी, तेव्हा कुठे मजुरी हाती पडे. त्या बाईला आळशी म्हणणाऱ्याने एक दिवस घण हाती धरून पाहावा! या योजनेसाठी पगारदारांवर १९७५ साली व्यवसाय कर बसला. त्याची कमाल मर्यादा वर्षाला अवघी २,५०० रुपये. पण तेवढ्या कपातीवरून केवढी कुरकुर!

आणि कुरकुर करणाऱ्यांच्या पायाखाली काय आहे? भविष्य निर्वाह निधी आहे, ग्रॅच्युइटी आहे. ग्रॅच्युइटीचा कायदाही १९७२ सालीच झाला. त्यांना मात्र कुणी जाळी म्हणत नाही; तो हक्क ठरतो. तो असावाच. पण त्या हक्कामुळे आपण नोकरीभर आळशी झालो, असे एकाही निवृत्त गृहस्थाने आम्हांला अद्याप सांगितलेले नाही.