सिग्नलच्या अलीकडचा सिनेमा

सर्जापूर रोडवर राहणाऱ्याने सिनेमाला जायचं की नाही, हे सिनेमा कसा आहे यावर ठरत नाही. ते इब्लूरच्या सिग्नलवर ठरतं. विप्रोचं मुख्य कार्यालय, त्याच्या मागेपुढे उगवलेली टेक पार्क्स, शाळांच्या पिवळ्या बसगाड्या आणि चार पावलांवर एक नवी सोसायटी, एवढं सगळं या एका रस्त्याच्या गळ्यात. त्यात बंगळुरूत मराठी सिनेमा लागतो म्हणजे काय, तर शनिवार-रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कुठल्याशा मॉलमध्ये एखादा खेळ, तोही अडनिड्या वेळी. जाऊन-येऊन सिनेमापेक्षा रस्ताच लांब.

तिथे पोहोचल्यावरचं दुखणं वेगळं. ‘सॅम बहादूर’ बघायला गेलेल्या एका बंगळुरूकराने, जाहिरातींत आपली २५ मिनिटं गेली म्हणून ग्राहक आयोगाकडे दाद मागितली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, भरपाई मंजूर झाली आणि पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाची स्थगितीही आली. त्याच वर्षी सप्टेंबरात कर्नाटक सरकारने तिकिटाला २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. आम्ही हिशेब करून खूश होतोय तोवर त्यालाही स्थगिती. एकूण काय, घरच बरं!

तेव्हा आमचं थिएटर म्हणजे दिवाणखान्यातला टीव्ही. प्रेक्षक म्हणजे मी, नवरा, नववीतला लेक आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेहून आलेल्या सासूबाई. पॉपकॉर्नऐवजी भडंग. आणि सिनेमाचं परीक्षण सिनेमा चालू असतानाच.

भव्य सिनेमा थिएटरात बघावा आणि छोटा, संथ सिनेमा घरी बघितला तरी चालतो, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. गेल्या काही महिन्यांत घरी जे बघितलं, त्यावरून माझं मत बरोब्बर उलटं झालंय.

‘कांतारा’च घ्या. २०२२ चा. आमच्या सोसायटीत तो न बघितलेले बहुधा आम्हीच उरलो होतो. सासूबाई मध्येच उठून शेंगा निवडायला गेल्या, देवाला दिवा लावून आल्या, आणि बसल्या बसल्या त्यांना कळलं की जमीनदाराच्या मनात काळंबेरं आहे आणि शेवटी पोराच्या अंगात देव येणार. काही बिघडलं नाही. शेवटची ती आरोळी घुमली तेव्हा शेजाऱ्यांचा इंटरकॉम आला, ‘सब ठीक है ना?’ म्हणून. ऋषभ शेट्टीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो त्या शेवटच्या भागासाठीच असणार, आणि तो त्याला शोभतो. बाकी नायक लीलाशी ज्या पद्धतीने लगट करतो, ते गोड मानून घेणं मला काही जमलं नाही.

‘दशावतार’चंही तेच. दिलीप प्रभावळकर वयाच्या ८१ व्या वर्षी असं काम करतात, म्हटल्यावर खरं तर पुढे बोलूच नये. दृष्टी अधू होत चाललेला बाबुली मेस्त्री आणि त्याचा मुलगा, यांच्यातला पहिला भाग फार मायेचा आहे. पुढे कोकण वाचवायची जबाबदारी सगळी त्या एका म्हाताऱ्यावर येऊन पडते आणि सिनेमा दाक्षिणात्य वळणावर जातो. दक्षिणेत राहून म्हणते मी हे. पण घरी बघताना कुठेही अडलं नाही. फोन आला, घेतला, परत आलो, सिनेमा आमची वाट बघत उभा होता.

मोठ्या सिनेमाचं हे बरं असतं. तो गडगडत येतो आणि आपली दहा मिनिटं चुकली तरी पुन्हा हाताला धरून नेतो. छोटा सिनेमा थांबत नाही. त्याची तीन मिनिटं गेली की गेलीच.

याचा पहिला धडा ‘स्थळ’ने दिला. जयंत सोमलकरचा सिनेमा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्याच्या स्वतःच्या डोंगरगावात, गावच्याच माणसांना घेऊन केलेला. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये पुरस्कार मिळाला, आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये लागला. सुरुवात झकास आहे: बायका बैठक मारून बसल्यात आणि मुलगा दाखवायला आणलाय. सासूबाई अशा हसल्या की लेकाने टीव्हीचा आवाज वाढवला. ते अर्थात मुलीचं स्वप्न असतं. मग खरं सुरू होतं. सविता समाजशास्त्र शिकतेय, वर्गात स्त्रीसक्षमीकरण चाललंय आणि घरी पाहुणे येतायत. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पुन्हा दुसरे पाहुणे. पुन्हा नाव काय, शिक्षण किती, उंची किती.

‘हे झालं ना मघाशी?’ लेक म्हणाला आणि त्याने रिमोटवरचं दहा सेकंद पुढे जायचं बटण दाबलं. दोनदा दाबलं.

आता या सिनेमात कंटाळा हीच तर गोष्ट आहे! सविताला दहा सेकंद पुढे जायची सोय नाही. तेच प्रश्न तिला दर वेळी पहिल्यापासून ऐकावे लागतात, आणि आपणही ते बसून ऐकावेत म्हणून दिग्दर्शकाने ते जसेच्या तसे ठेवलेत. थिएटरात कुणाच्या हातात रिमोट नसतो. मी तो काढून घेतला आणि मागे नेऊन सगळं पुन्हा लावलं. लेक फुरंगटला. सासूबाई मात्र पुढचा अर्धा सिनेमा गप्प होत्या. मग एकदम म्हणाल्या, ‘मला तर अंगणात चालून दाखवायला लावलं होतं की.’ त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे आजवर ठाऊक नव्हतं.

‘द डिसायपल’ची आमच्याकडे झाली ती अवस्था कुणाच्याच सिनेमाची होऊ नये. चैतन्य ताम्हाणेचा हा सिनेमा व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार घेऊन आला आणि ३० एप्रिल २०२१ ला थेट नेटफ्लिक्सवर उतरला. तेव्हा कोविडची दुसरी लाट होती. मग तो राहिला तो राहिलाच, आत्ता कुठे बघितला. सुरांना आयुष्य वाहिलेला शरद नेरूळकर, त्याचे थकलेले गुरुजी, आणि कानात गुरुजींच्या गुरू माईंची भाषणं लावून रात्री मोटारसायकलवरून मुंबईच्या मोकळ्या रस्त्यावर त्याचं ते संथ, जवळजवळ तरंगत जाणं. या प्रसंगाला नवऱ्याने सुस्कारा सोडला, ‘काय रिकामा रस्ता आहे!’ सर्जापूर रोडच्या माणसाची समीक्षा ही अशी.

तंबोरा लागतो, जरा मन लागतं, तेवढ्यात गेटवरून पार्सलवाल्याचा फोन. पॉझ. पुन्हा तंबोरा, कुकरची शिट्टी. पॉझ. एका बैठकीत संपलाच नाही, तुकड्यातुकड्यांनी उरकला. शरदमध्ये गुण कमी पडले की काळाने त्याला मागे टाकलं, याचं उत्तर हा सिनेमा देत नाही. ते आपल्याच मनात हळूहळू साचत जायला हवं, आणि साचायला सलग वेळ लागतो. तरी लेकाने एक लाख मोलाची गोष्ट सांगितली. आपल्या गाण्याच्या व्हिडिओखालचे लोकांचे शेरे शरद वाचत बसतो, तेव्हा हा म्हणाला, ‘त्याने ते वाचायलाच नको होते.’ या पिढीला तपश्चर्या कळेल न कळेल, हे बरोबर कळतं.

माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. सिनेमा लोकांसमोर येण्याच्या काही दिवस आधी, १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या. ताम्हाणेच्या आधीच्या ‘कोर्ट’मधले लोकशाहीर, वीरा साथीदार, तेही त्याच महिन्यात कोविडने गेले. हे वाचल्यावर मी घरच्यांना पुन्हा ‘कोर्ट’ बघायला बसवलं.

‘कोर्ट’ मी पहिल्यांदा २०१५ मध्ये पुण्यात थिएटरात बघितला होता, त्यामुळे तुलना करायची सोय होती. लोकशाहीर नारायण कांबळेंनी म्हणे असं गाणं म्हटलं की ते ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा खटला. गीतांजली कुलकर्णीने केलेली सरकारी वकीलबाई मला तेव्हाही आवडली होती. कोर्टात कलमं घडाघडा वाचणारी ही बाई संध्याकाळी लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. तिच्यात दुष्टपणा काहीच नाही, म्हणून तर भीती वाटते. सुट्टीच्या दिवशी ती सहकुटुंब नाटकाला जाते. नाटकात एका परप्रांतीय पोराला मराठी घरातून हुसकावून लावतात आणि प्रेक्षागृह खो-खो हसतं. पुण्यात बघताना मी त्या हसणाऱ्या लोकांकडे जरा वरून बघितलं होतं. सर्जापूर रोडवर बसून बघताना वरून बघायला जागाच नाही. इथे परप्रांतीय आपण. भाजीवाल्याशी मोडकंतोडकं कन्नड बोलून काम भागवणारे, रिक्षावाल्याच्या ‘कन्नड बरत्ता?’ला ‘स्वल्प स्वल्प’ म्हणून हसणारे. नवरा त्या प्रसंगात हसला नाही, मीही नाही. लेकाला त्यात विनोद कुठला हेच कळेना, कारण त्याच्या वर्गात सगळेच कुठून ना कुठून आलेले आहेत.

आणि मग शेवट. कोर्टाला सुट्टी लागते. खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात, दार बंद होतं आणि पडद्यावर नुसता अंधार. बराच वेळ. थिएटरात त्या अंधारात कुणी उठलं नव्हतं, कारण अंधार आमच्याभोवतीही तेवढाच होता. आमच्या दिवाणखान्यात ट्यूबलाइट चालू. सासूबाई ‘संपला वाटतं’ म्हणून उठल्या, नवऱ्याने फोन हातात घेतला, लेक फ्रिजपाशी पोचला. मी ‘बसा, बसा’ म्हणून ओरडले. कारण अजून न्यायाधीशांची सहल बाकी आहे. रिसॉर्टमधल्या बाकावर डुलकी घेणारे न्यायाधीश, त्यांना ओरडून दचकवणारी पोरं आणि एका पोराच्या गालावर बसलेली ती चपराक. सगळ्या खटल्याचा निकाल त्या चपराकीत आहे, आणि घरोघरी किती जणांनी सिनेमा त्या अंधारातच बंद करून टाकला असेल, देव जाणे.

अपवाद सांगितला नाही तर अन्याय होईल: ‘तिथी’. राम रेड्डीचा कन्नड सिनेमा, मंड्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात, कधी कॅमेऱ्यासमोर उभं न राहिलेल्या माणसांना घेऊन केलेला. एकशे एक वर्षांचा, तोंडाने फटकळ सेंच्युरी गौडा मरतो आणि त्याच्या अकराव्याच्या जेवणापर्यंतच्या दिवसांत नातवाला जमीन विकायची असते, पणतू मेंढपाळाच्या पोरीमागे असतो, आणि मुलगा गड्डप्पा खिशात ब्रँडीची बाटली घेऊन माळावर भटकत असतो. २०१५ मध्ये लोकार्नोला याला दोन पुरस्कार मिळाले. हाही संथच, पण आमच्याकडे रंगला. कारण शाळेत कन्नड शिकणारा लेक उपशीर्षकांच्या आधीच हसत होता आणि आम्ही त्याला विचारत होतो. त्याच्यामुळे सिनेमा कळतोय, ही चैन त्याला घरात पहिल्यांदाच मिळाली. सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्याकडंपण हेच की! माणूस जातंय आणि सात-बारा बाहेर येतोय.’

‘वाळवी’बद्दल थोडक्यात: परेश मोकाशीने घरी बघण्यासाठीच केलाय असं वाटावं इतका आटोपशीर, आणि मध्ये उठायची कुणाची टाप नाही. सासूबाईंच्या फर्माइशीवरून ‘उंबरठा’ही झाला. स्मिता पाटीलबद्दल मी नवं काय सांगणार! गिरीश कर्नाड पडद्यावर आले तसा लेक ओरडला, ‘अरे, हे तर टायगरचे बॉस!’ माथेरानला जन्मलेल्या, कन्नडमध्ये लिहिणाऱ्या आणि याच शहरात शेवटपर्यंत राहिलेल्या माणसाची ओळख आमच्या घरात ‘एक था टायगर’मुळे आहे. असो.

तेव्हा माझी विनंती एवढीच. मोठे सिनेमे खुशाल घरी बघा, भडंग खात बघा, त्यांचं काही अडत नाही. पण महोत्सव गाजवून आलेला एखादा छोटा मराठी सिनेमा तुमच्या गावच्या पडद्यावर लागला, तर ‘ओटीटीवर येईलच की’ म्हणू नका. शुक्रवारी नाही तर शनिवारी जा. आम्ही इब्लूरचा सिग्नल ओलांडून जाणार आहोत. तुम्हाला तर फार तर दोन चौक ओलांडायचेत. आणि सोमवारपर्यंत थांबू नका, सोमवारी त्याचा खेळ नसतो.