कर्ज पाच हजारांचे, गहाण मात्र अब्रू!

पाच हजारांचे कर्ज देणारे अ‍ॅप आपल्या नातेवाइकांचे नंबर कशासाठी मागते? हप्ता थकला की त्याच नंबरांवर फोन करून कर्जदाराची अब्रू काढण्यासाठी! पूर्वी सावकार दारात उभा राहून ओरडायचा, आता तो खिशात येऊन बसला आहे.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कर्जाच्या अ‍ॅपना फोनमधील नंबर, फोटो व कॉलची नोंद पाहण्यास मनाई केली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती कामापुरत्या माहितीलाच लागू. पण संमतीच्या या तरतुदीच्या अंमलासाठी सरकारने नोव्हेंबर २०२५ पासून अठरा महिन्यांची मुदत दिली. वसुलीवाल्याने गरिबाला एका दिवसाची तरी मुदत दिली आहे काय?

म्हणून आम्ही सांगतो, 'अलाऊ'वर बोट ठेवण्यापूर्वी विचारा, या कामाला ही माहिती लागते काय? दिलेल्या परवानग्या सेटिंगमध्ये जाऊन काढून घ्या. धमकीचे मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे. पोलीस ठाण्यात किंवा १९३० वर तक्रार करा. कर्ज थकणे हा गुन्हा नाही, धमकावणे हा गुन्हा आहे!