फोडशीची जुडी

आल्प्सच्या चुनखडीच्या पर्वतांवर एडेलवाइस नांवाची चिमुकली शुभ्र वनस्पति आहे. हौशी प्रवासी ती मुळासकट उपटूं लागले, तेव्हां तिकडे कायद्यानें तिचें रक्षण करावें लागलें. आमच्या कळंबच्या डोंगरांचा पाषाण काळा. परंतु वर्षानुवर्षें जगणारें असेंच एक शुभ्र फूल येथेंहि आहे, आणि त्याचा पाला आपण ताटांत वाढून घेतों. ती फोडशी, अर्थात् कुलू. पहिल्या पावसाबरोबर गवतासारखीं पानें वर येतात, मागाहून सहा पाकळ्यांचीं फुलें. पाऊस सरला कीं सारें वाळतें, मुळ्या तेवढ्या जमिनींत जिवंत राहतात. वैद्यांची पांढरी मुसळी ती हीच. सांतापाव व फर्नांडिस यांनीं १९५५ सालीं हिला दिलेलें शास्त्रीय नांव बोरिवलीवरून आहे.

ठाकर-कातकरी बायका पाल्याच्या जुड्या विकावयास आणतात. पाला खुडला तर मुळ्या पुन्हां फुटतात. मुसळीच्या लोभानें खणणारा मात्र पुढल्या वर्षींची भाजीहि घेऊन जातो. यास्तव जुडीच्या बुडाशीं मुळ्या लोंबत असतील तर ती घेऊं नये, व कां घेत नाहीं तें विकणारीस सांगावें. खुडलेल्या जुडीस मात्र घासाघीस करूं नये. डोंगर चढणें सोपें नाहीं. निवडतांना बुडाचा कठीण पांढरा भाग टाकावा. चातुर्मासांत कांदा वर्ज्य, म्हणून आम्हांकडे ही भाजी मुगाच्या भिजवलेल्या डाळीवर होते.